तोताराम सरांची नऊ कारणे

जपान का हरलं हे खुद्द जपानला जेवढं माहीत नसेल तेवढं तोताराम सरांना माहीत होतं. चाळीसगावहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात ते हायस्कुलात इतिहास शिकवायचे. गावाचं नाव कळून कुणाचं भलं व्हायचं नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या जपानच्या पराभवाची कारणं पुस्तकात पाच होती, बाजारच्या गाईडात सहा आणि सरांच्या वहीत नऊ. वरची तीन त्यांनी पदरची घातली होती. एकोणीस वर्षं दरसाल ते ही नऊ कारणं वर्गाला उतरवून द्यायचे, आणि पोरंही बिचारी आज्ञाधारकपणे उतरवून घ्यायची. परीक्षेत मात्र पाचच लिहायची, कारण गुण पाचच होते.

गाव त्यांना पाठीमागे 'जपान सर' म्हणे. हे कळल्यावर दुसरा एखादा चिडला असता. सरांनी त्या दिवशी दाढी केली.

फळ्यावर खडूने प्रशांत महासागर काढायचा, त्यात बेटांचे ठिपके द्यायचे आणि हातात डस्टर घेऊन जपानला धारेवर धरायचं, ही त्यांची पद्धत. "चीनच्या चिखलात एक पाय रुतलेला असताना अमेरिकेला लाथ मारायला दुसरा पाय उचलला! आता उभं कशावर राहायचं?" असा त्यांचा पहिल्या कारणावरचा सवाल असे. भूदल आणि आरमार यांच्यातल्या भांडणावर ते विशेष रंगायचे. मिडवेच्या लढाईत चार विमानवाहू जहाजं बुडाली, तर आरमाराने तो आकडा जनतेपासून तर लपवलाच, पण आपल्याच भूदलालाही धड सांगितला नाही, हे सांगताना सरांना इतकं हसू येई की डोळे पुसावे लागत. एवढ्या साध्या गोष्टी ज्यांना कळल्या नाहीत ते सेनापती कसले, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. आपण तिथे असतो तर काय केलं असतं हेही ते सांगत. ते ऐकायला टोकियोत कुणी नव्हतं, हा त्यांचा दोष नाही.

घरी मात्र सरांचं ऐकायला एकच माणूस होतं, त्यांची बायको शेवंताबाई. दोन मुली लग्न होऊन गेलेल्या. शेवंताबाई साक्रीकडची, आईबाप गेले, भाऊ नव्हता, माहेर म्हणायला तिकडे आता कुणी उरलं नव्हतं. तिचं माहेर गावातच, तीन घरं सोडून होतं. सरांचे थोरले भाऊ भिकन नाना आणि त्यांची बायको तानुबाई तिथे राहायचे. शेवंताबाईची दोन्ही बाळंतपणं तानुबाईने केली होती, भाकरी थापायलाही तिनेच शिकवलं होतं. नाना शेतकरी, सही करण्यापुरते शिकलेले. धाकट्याला शिकवायचं म्हणून त्यांनी स्वतःची शाळा सोडली होती. हे ते कधी बोलून दाखवत नसत, त्यामुळे सर ते सोयीस्करपणे विसरले होते.

भाऊ वेगळे होऊन वीस वर्षं झाली होती. घरं वेगळी, चुली वेगळ्या, शेताला बांध पडलेला. एक गोष्ट मात्र वेगळी झाली नव्हती, ती म्हणजे कुळाची देवी कानबाई हिचे रोट, तिच्या नैवेद्याच्या पोळ्या.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. या कुळाची रीत अशी, की घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन पाच पाच मुठी गहू मोजायचे, धुतलेल्या जात्यावर दळायचे आणि त्याच पिठाचे रोट करायचे. मोजणी पुरुषांची, दळायचं, लाटायचं, भाजायचं बायांनी. देवी बाई असूनही याबद्दल तिने आजवर तक्रार केलेली नाही. ते रोट, खीर आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी कुळातल्यांनीच खायची. बाहेरच्या माणसाला घास द्यायचा नाही, उरलं तर टाकायचं नाही, पौर्णिमेच्या आत संपवायचं. कुळात कितीही भांडणं असोत, त्या दिवशी सगळे भाऊबंद एका पंगतीला बसतात. ज्याचा रोट वेगळा झाला तो कुळातून गेला, असाच त्याचा अर्थ. शेवंताबाईला जगात हवं होतं ते एवढंच, की तानुबाईशेजारी बसून हे रोट लाटायला मिळावेत. बाकी सरांनी जपानचं काय करायचं ते करावं.

पण सरांचं युद्ध पेटलं ते पंच्याण्णव साली. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि तीन नंबरचा वॉर्ड बायांसाठी राखीव झाला. गावचे पुढारी रतिलाल भाऊ, दोन ट्रॅक्टर आणि एक जीप बाळगून असलेले, त्यांनी आपली बायको पुष्पाबाई उभी केली. इथवर सरांचा काही संबंध नव्हता. पण हॉटेलात चहा पिताना रतिलाल भाऊ सगळ्यांदेखत म्हणाले, "सर, तुम्ही शाळेत बसून जपान हरावतंस. एखादा वॉर्ड जिकी दखाडा मंग आम्ही मानूत."

हॉटेल हसलं. जगातली मोठमोठी युद्धं याहून फार मोठ्या कारणाने सुरू झालेली नाहीत. सरांनी कप तसाच ठेवला, घरी आले आणि शेवंताबाईला सांगितलं, की तू निवडणुकीला उभी आहेस.

"तुम्हले हौस शे तं तुम्हीच ऱ्हा ना उभं. मन्हं नाव कसाले?" ती म्हणाली.

"जागा बायांची आहे. तू फक्त सही कर. बाकी सगळं मी बघतो."

जपानात सम्राटाच्या नावाने कारभार दुसरेच करायचे, हे सरांचं चौथं कारण होतं. ते त्या वेळी त्यांना आठवलं नाही.

नानांनी एवढंच विचारलं, "तोता, लढाई कसानी शे? रतिलालनी आपलं काय बिघाडं?"

"नाना, हा तत्त्वाचा प्रश्न आहे," सर म्हणाले. सर घरीदारी पुस्तकी बोलत, सख्ख्या भावाशीसुद्धा. नानांना तत्त्व कळलं नाही, पण भाऊ कळत होता. ते म्हणाले, "बरं. तू म्हनस तं उभं ऱ्हाऊत," आणि भाऊबंदांना बोलावणं धाडलं.

निशाणी विमान मिळाली. सर हरखले. पर्ल हार्बरवर पहाटे विमानांनी कसा अचानक हल्ला चढवला ते त्यांनी कार्यकर्त्यांना तासभर सांगितलं, आणि आपणही तसाच पहिला घाव घालायचा असं ठरवलं. पहिला घाव म्हणून रतिलाल भाऊंच्या खास आळीत जाऊन भाषण ठोकलं. तिथली मतं मिळायची नव्हतीच, पण जी आठ-दहा माणसं आजवर तटस्थ होती ती त्या दिवसापासून पेटून पुष्पाबाईंच्या प्रचाराला लागली. मग सरांना वाटलं, पाण्याच्या टाकीचाही प्रश्न घ्यावा, तेव्हा पाणी सोडणारा शिपाई दुखावला. रेशनच्या दुकानावर बोलावं, तेव्हा दुकानदार गेला. आठ दिवसांत या माणसाने पाच आघाड्या उघडल्या, आणि हातात एक मोपेड होती.

फौजाही दोन होत्या. एक शाळेतल्या मास्तरांची, दुसरी भाऊबंदांची. लाउडस्पीकरची रिक्षा एकच. मास्तर म्हणत, प्रचार शुद्ध मराठीत व्हावा. भाऊबंद म्हणत, ते कळायला आम्ही कुणाला आणू? दोन दिवस रिक्षा पिंपळाखाली उभी राहिली आणि तिच्यातून नुसती सिनेमाची गाणी वाजली. गावाला तोच प्रचार सगळ्यात आवडला.

रोज दिवेलागणीला सर ओट्यावर बसून मतांचा हिशेब सांगायचे. वॉर्डात दोनशे साठ मतं. पहिल्या दिवशी सरांची एकशे चाळीस झाली, चौथ्या दिवशी एकशे साठ, आठव्या दिवशी एकशे नव्वद. जसजशी माणसं कमी येऊ लागली तसतसा आकडा वाढू लागला. शेवंताबाई तांदूळ निवडता निवडता ऐकायची. तिने एकदा भीत भीत सांगून पाहिलं, की पाणवठ्यावर बाया वेगळंच बोलतात. सर म्हणाले, "पाणवठा ही काही विश्वसनीय बातमी नव्हे."

मतदान तेरा ऑगस्टला होतं. त्याआधीच्या रविवारी कानबाई आली, आणि तो दिवस निघाला सहा ऑगस्ट. हिरोशिमावर बॉम्ब पडला त्याला बरोबर पन्नास वर्षं. हा योग सरांनी सकाळपासून भेटेल त्याला सांगितला. तानुबाई जात्यावर बसली होती तिलाही सांगितला. "देव त्यासनं भलं करो," ती म्हणाली आणि पुढचा घास जात्यात घातला. तेव्हा कुळात बावीस पुरुष होते. नानांनी एकेकाचं नाव घेत मुठी मोजल्या, शेवंताबाई आणि तानुबाईने समोरासमोर बसून रोट लाटले, दुपारी पंगत उठली.

आता सरांची एक अडचण होती. झुलाल शिंप्याच्या वाड्यात अडतीस मतं होती आणि ती झुलालच्या शब्दावर पडायची. झुलाल दोन्हीकडे मान डोलवत होता. सरांनी विचार केला, याला असं काही द्यावं की जे रतिलालची जीप देऊ शकत नाही. आणि त्यांच्या डोक्यात ती कल्पना आली. कल्पना शिकलेल्या माणसाची होती. न शिकलेल्याला ती सुचलीच नसती. त्यांनी चार रोट आणि वाटीभर खीर फडक्यात बांधली, झुलालच्या घरी गेले आणि म्हणाले, "झुलाल, आमच्या कानबाईचे रोट आम्ही बाहेर देत नाही. तुला देतो आहे. आजपासून तू माझा भाऊबंद."

झुलालने ते घेतलं. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? सर शीळ घालत परतले आणि आकडा दोनशे अठ्ठावीसवर नेला.

पण झुलालच्याही घरी कानबाई होती, त्यालाही रीत ठाऊक होती. दुसऱ्याच्या कुळाचा रोट खाल्ला तर दोन्ही देव्या कोपतील, टाकला तर पाप, घरात ठेवला तर भीती. तो अर्धा तास त्या फडक्याकडे बघत बसला. मग त्याने आंघोळ केली, फडकं दोन्ही हातांवर ठेवलं आणि भर दुपारी गावातून अनवाणी चालत निघाला. रस्त्यात जो तो विचारी, आणि हा सज्जन माणूस खरं सांगी. नानांच्या अंगणात सगळं कुळ अजून विड्याची पानं खात बसलं होतं. झुलालने फडकं नानांच्या पायाशी ठेवलं.

"भिकन नाना, ह्या तुम्हना देवीना रोट शेतस. सरनी आनी दिन्हात. मी हात लावेल नही. मन्हा घर लेकरंबाळं शेतस, माले माफी करा."

तानुबाईने पदर तोंडाला लावला. शेवंताबाई उभी होती तिथेच खाली बसली. सर तिथेच होते. ते म्हणाले, "यात एवढं काय आहे? काळानुसार रूढी बदलायला हव्यात." बावीसातल्या एकानेही मान वर केली नाही. नानांनी फडकं सोडलं, चारी रोट पुढ्यात घेतले आणि एकेक घास करत एकट्याने संपवले. जेवण झालेलं होतं, वय पासष्ट होतं. संपेपर्यंत कुणी उठलं नाही. सहा ऑगस्टला काय पडलं ते पन्नास वर्षांपूर्वी जपानला लगेच कळलं नव्हतं, सरांनाही कळलं नाही.

मतदानाच्या दिवशी भाऊबंदांपैकी कुणीही सरांच्या विरुद्ध मत दिलं नाही. ते मत द्यायलाच आले नाहीत. कपाशीची निंदणी आली होती, सगळं कुळ सकाळीच शेतावर गेलं. सर मोपेड घेऊन त्यांना आणायला निघाले आणि पेट्रोल संपलं. तेलाचा तुटवडा हे तिसरं कारण. त्यांनी मोपेड ढकलत वाटेत जो भेटला त्याला हात केला. रतिलाल भाऊंची जीप म्हाताऱ्यांना मतदानाला नेत आणत धूळ उडवत चार वेळा शेजारून गेली. रतिलाल भाऊंनी एकदा थांबून "बसा ना सर" असंही म्हटलं. माणूस सौजन्याचा होता.

सायंकाळी शाळेतच मोजणी झाली. ज्या वर्गात नऊ कारणं उतरवून दिली होती त्याच वर्गात. पुष्पाबाई एकशे एकोणसाठ, शेवंताबाई एकवीस. भाऊबंद आले असते तरी सर हरलेच असते, हे पहिलीतल्या पोरालाही बेरीज करून सांगता आलं असतं. पण सरांनी बेरीज केली नाही. ओट्यावर उभं राहून ते मोठ्याने म्हणाले, "घरचेच फितूर झाले. आजपासून आमचा रोट वेगळा."

शेवंताबाईने हात जोडले. "काहीबी करा, पन हाई बोलू नका. मी तुम्हना पाया पडस."

"मी शब्द मागे घेत नाही," सर म्हणाले. कुठे थांबावं ते न कळणं हे नववं कारण होतं, सरांचं सगळ्यात आवडतं आणि पदरचं.

मग वर्ष गेलं. सर नानांच्या घरावरून जाताना दुसऱ्या बाजूला बघायचे. शेवंताबाईचं येणंजाणं बंद केलेलं. ती आणि तानुबाई विहिरीवर भेटल्या तर कळशी भरेपर्यंत बोलत, आणि हल्ली कळशी भरायला फार वेळ लागू लागला होता. घरात ती हळूहळू बोलायचीच थांबली. सरांना वाटलं, चला, विरोध मावळला.

पुढच्या श्रावणात सरांनी आपली स्वतंत्र कानबाई बसवली. कानबाई म्हणून पुजायचा कुळातला पिढीजात नारळ नानांकडे. यांनी चाळीसगावहून नवा आणला. गाणी म्हणायला चार बाया लागतात, इथे एक. सरांनी स्वतःचं नाव स्वतःच घेतलं आणि पाच मुठी गहू मोजले. शेवंताबाईने एकटीने दळले, एकटीने लाटले. समोर लाटायला कुणी नव्हतं, तिचे सगळे रोट वाकडे झाले. सोमवारी नानांच्या कानबाईची मिरवणूक दारावरून वाजतगाजत गेली, बायांनी दारासमोर फुगडी घातली. ती खिडकीच्या आत उभी राहून बघत होती. तिच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती पुसतही नव्हती.

आणि रोट काही संपेनात. शेवंताबाईने रविवारी कसाबसा एक खाल्ला आणि मग, माझ्या घशाखाली उतरत नाही, म्हणून सांगितलं. बाहेर द्यायची सोय नव्हती, तेवढं शिक्षण सरांचं आता झालं होतं. ते रविवारी खात होते, सोमवारी खात होते. मंगळवारी रोट इतका कडक झाला की खिरीत बुडवून ठेवावा लागला. पौर्णिमा बुधवारी. मंगळवारी दुपारी सर पाटावर बसून एका रोटाशी झटत होते, तेवढ्यात दारात भिकन नाना येऊन उभे राहिले. एक हात चौकटीवर, दुसरा पोटावर.

"तोता, चाल बरं घर. माले काही आते जात नही. परमदिनपाईन खाई ऱ्हायनू."

सरांना कळेना. "परवापासून काय खाताय नाना?"

"तुन्हा रोट. दुसरं काय? बठ्ठासना सरी ग्यात, तुन्हा तसाच पडेल शेतस. बाहेर देता येत नही, टाकता येत नही. तानु खास, मी खास. आते पोट फुगी गयं."

"माझे?" सरांनी हातातला रोट खाली ठेवला. "सगळ्यांचे संपले, आणि माझे उरले कसे? माझा तर वेगळा..."

"नाव लिसन मुठी मोजतस ना आपले?" नाना जरा चिडूनच म्हणाले. "मन्हा बापले दोन पोऱ्या. मी एकनंच नाव कसं लिऊ?"

सर पाटावरून उठले. सवयीने सरांच्या तोंडात शब्द आले, "नाना, यायला माझी हरकत नाही, पण मागच्या वर्षी भाऊबंदांनी जे केलं त्याबद्दल आधी..."

"तू भांडना व्हशी," नाना म्हणाले. "मी कधळ भांडनू? आमनी निंदणी व्हती ते आम्ही ग्यात. मी तं समजनू तुन्हा सासरनी काही रीत शे म्हनीसन दोनदोन कानबाई बसाडस. चाल, उशीर व्हई ऱ्हायना."

एकोणीस वर्षं आणि वर एक, सरांनी हरलेल्यांची कारणं गोळा केली होती. ज्या लढाईत समोर कुणी नव्हतंच, तिच्यात हरलेल्याचं एकही कारण त्यांच्या वहीत नव्हतं. त्यांना रडू आलं. ते आवरायला ते नानांचा हात धरायला गेले आणि तोंडून निघालं ते पुस्तकातलं नव्हतं.

"नाना, मन्हं चुकनं."

"बरं बरं. चप्पल घाल."

सरांनी मागे वळून हाक मारली, "अगं, ऐकलंस का?" शेवंताबाई मागच्या दाराने केव्हाच निघाली होती आणि अनवाणीच तानुबाईच्या ओट्यावर जाऊन पोचली होती.